बबनरावांचे अकरा

माझ्या सख्ख्या चुलत्याच्या दशक्रियेला, पिंडाला कावळा कधी शिवतोय म्हणून सगळे वर बघत असताना, आमच्या शेजारच्या बबनरावांनी नदीकाठी जमलेल्या माणसांतून फुटबॉलची टीम काढली.

मी डोकं भादरून, उघड्या अंगानं खडकावर बसलो होतो. दशक्रिया म्हटलं की आमच्याकडं श्रद्धांजलीची भाषणं, आणि भाषणं म्हटलं की बबनरावांचा माईक. त्यामुळं ते तिथं होतेच. वाकून माझ्या कानाशी आले. मला वाटलं, धीर देतील. ते हळूच म्हणाले, "शेठ, गोलात पतसंस्थेचे चेअरमन. एकदा बसले की हलत न्हाईत."

मी डोळ्यांनीच दटावलं. ते थांबले नाहीत.

"मागं तुमचे दोघं भाऊबंद. बांधावरनं कोर्टात हायेत ना, कुणाला एक पाऊल आत येऊ देनार न्हाईत. मधी तुमचे व्याही. बॉल कुणाचा का असंना, ते मधी पडनारच. अन् म्होरं सरपंचकीला पडलेले दोघं. त्यांना मागं थांबायचं म्हाईतच न्हाई."

प्रसंग कुठला, बसलोय कुठं, सगळं मला कळत होतं. तरी तोंडातून निघून गेलं, "आणि मी?"

"तुमी राखीव. लगीच तापता. रेफ्री बाहेर काढंल."

मी तिथल्या तिथं तापलो. दगड हातात घेणार, तेवढ्यात कावळा शिवला म्हणून बबनराव वाचले.

बबनराव नारायणगावाला लागून असलेल्या वारूळवाडीत माझ्या भिंतीला भिंत लावून राहायचे. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. घरात ते, एक टीव्ही आणि लाउडस्पीकरचे चार भोंगे. लग्न, साखरपुडा, निवडणूक, दशक्रिया, जिथं चार माणसं जमतील तिथं त्यांचे भोंगे बांधले जायचे आणि माईकवर ते स्वतः उभे राहायचे. तरुणपणी काही वर्षं ते खडकीला कामाला होते. तिथं लष्कराच्या मैदानावर जवानांचे सामने बघून त्यांना फुटबॉल लागला. एखाद्याला तंबाखू लागते तसा लागला. आमच्या भागात सगळं पोरसोर क्रिकेटमागं. त्यात हा एकटा माणूस भिंतीशी बोलल्यासारखा फुटबॉल बोलायचा. ती भिंत बहुतेक वेळा मी असायचो. ऑफसाइड म्हणजे काय, हे मला माझ्या लग्नाच्या तिथीपेक्षा पक्कं पाठ आहे.

माणसं दिसली की त्यांतून अकरा निवडायचे, हा त्यांचा एक नाद. दुसरा नाद त्याहून वाईट. कुणाची चूक दिसली की त्यांना बोलल्याशिवाय राहवायचं नाही. "चूक! साफ चूक!" हे त्यांचं पालुपद. एका लग्नात नवरदेवाच्या मामानं भाषणात सांगितलं की नवरी बी.ए. झालेली आहे. बबनरावांनी भर मांडवात माईक ओढून घेतला. "चूक! साफ चूक! शेवटच्या वर्षाचे दोन विषय राह्यलेत." नवरी हसली, म्हणून लग्न लागलं. जुन्नरच्या स्टँडवर कंट्रोलरनं गाडी लागल्याचं पुकारलं की हे खालून ओरडणार, "चूक! ती गाडी अजून डेपोत धुत्यात." आणि ती खरंच डेपोत असायची. माणूस खोटं बोलला असता तर परवडला असता. याला खोटं येतच नव्हतं.

माझं आणि त्यांचं वाकडं आलं ते यामुळंच. ते सांगतो, म्हणजे मी उगाच कुणावर डूख धरणारा माणूस नाही हे कळेल.

मी बैलांचा दलाल. बापानं मागं काही ठेवलं नाही. दुसऱ्याच्या बैलांची दावी धरत बाजार शिकलो आणि स्वतःची दावण उभी केली. आमच्याकडं बैल दोन कामांचे, एक शेतीचा आणि एक गाड्याच्या शर्यतीचा. शर्यत ज्या चढावर होते त्याला आम्ही घाट म्हणतो. चार बैल जुंपतात. मागची जोडी गाड्याजवळ, धुरेला. पुढची जोडी जुकाटाला. कुठला बैल डाव्या अंगाचा, कुठला उजव्या, यावर सगळा खेळ. आणि पुढं घोडी. घोडी गाड्याला जुंपलेली नसते, ती नुसती पळते, आणि तिच्या मागं बैल पळतात.

तर अशाच एका यात्रेत मी माझा एक खोंड गिऱ्हाइकाला पळवून दाखवत होतो. गिऱ्हाईक कर्जतकडचं, त्याला उजव्या अंगाचा बैल हवा, खिशात हात घालून तयार. माईकवर बबनराव. खोंड सुटला, बरा पळाला. मी गिऱ्हाइकाकडं वळलो, तेवढ्यात चार भोंग्यांतून आवाज आला, "चूक! साफ चूक! शेठचा खोंड जन्माचा डाव्या अंगाचा हाय, आज उजवीला का जुंपलाय? त्याचा उजवा खूर दुखरा हाय, ह्ये शेठला म्हाईत न्हाई का?"

गिऱ्हाइकानं खिशातून हात काढला. रिकामा. सौदा मोडला.

संध्याकाळी मी त्यांच्या दारात जाऊन जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पन खूर दुखरा हाय का न्हाई?" होता. त्याचाच तर राग. तो सौदा मी अजून विसरलेलो नाही.

एवढं होऊनही रोज सकाळचा चहा माझ्या दावणीपुढच्या लिंबाखालीच व्हायचा. भांडायला माणूस जवळचाच लागतो.

तिथंच ती पैज लागली.

झालं असं, की भारताच्या सोळा वर्षांखालच्या पोरांची फुटबॉलची मॅच पुण्यात ठरली, श्रीलंकेच्या पोरांबरोबर. पेपरात भारताच्या अठरा पोरांची नावं आली आणि त्यांत एक नाव आमच्या बाजूचं निघालं. डिंभ्याचा सोमा. धरणाच्या कडेला गुरांमागं पळणारं पोरगं. कुणा मास्तरानं त्याचं पळणं बघून त्याला पुण्याच्या सरकारी क्रीडाशाळेत घातलं होतं. त्याचा मामा गेनू वडापची, म्हणजे शिटा भरून नेणारी जीप चालवायचा. डिंभे, घोडेगाव, मंचर, आणि गिऱ्हाईक मिळालं तर नारायणगाव. त्या दिवशी गिऱ्हाईक नसताना आला. पेपर डोक्यावर धरून जीपमधून उतरला.

"शेठ, भाचा देशाकडनं खेळनार!"

पेढे वाटले. माणसं जमली. ज्यांनी जन्मात फुटबॉल बघितला नव्हता ते सगळे तज्ज्ञ झाले.

"अठरा का ओ? टीम तर अकराची आसती म्हनं."

"बाकीच्यांना जेवायला नेत आसतील."

"लंकेची पोरं क्रिकेटला लई चिवट. फुटबॉलला कशी हायेत?"

"समुद्राकाठची हायेत. मासे खात्यात. दमत न्हाईत."

"मंग आपला सोमा काय वरनभात खाऊन वाढलाय व्हय? धरनाचा मासा खाल्लाय!"

मग विषय निघाला, अकरांत कोण कोण. बबनराव इतका वेळ पेपर वाचत होते. आयुष्यात पहिल्यांदा गावानं त्यांना फुटबॉलवर काही विचारलं. त्यांनी चष्मा पुसला, काडीनं मातीत मैदान आखलं आणि खडे मांडले. मी सांगतो, देवाची पूजा माणूस अशी मांडत नाही. हा गोलात, हे चार मागं, हे मधे, हे पुढं.

गेनूनं खडे मोजले. "ह्यात सोमा कंचा?"

"सोमा न्हाई."

"न्हाई म्हंजे?"

"राखीव."

गेनूनं हातातला पेढा परत पुड्यात टाकला.

"बबनराव," गेनू म्हणाला, "सोमा डाव्या अंगाचा गडी हाय. डाव्या अंगाचा गडी सोपा मिळतो का? घाटाचं बोला, डाव्या अंगाच्या बैलाला किती मान!"

"म्हनूनच. टीमचा कप्तान त्याच जागेवर खेळतो. त्यो बी डाव्याच पायाचा. कप्तानाला बसवून सोमाला उतरवतील का? चूक. साफ चूक."

"मंग कप्तानाला जुकाटाला घ्या अन् सोमाला धुरेला ठेवा."

"फुटबॉलला धुरा नसतोय, गेनूभाऊ."

"मागं खेळत्यात का न्हाई? मंग त्योच धुरा!"

यावर तासभर वाद झाला. कुणी म्हणे सोमाला गोलात घाला, धरणात जाळी टाकायची सवय आहे. कुणी म्हणे, अकरा ठेवाच पण बारावा लपून उतरवा, लंकेला काय कळतंय. बबनराव एकेकाला खोडत गेले आणि लोक तापत गेले. शेवटी गेनू उठून उभा राहिला.

"आपलं पोरगं खेळू नये आसं तुमाला का वाटतंय, ते सांगा."

"वाटायचा काय संबंध? खेळनार न्हाई, एवढं सांगतोय."

"अन् खेळला तर?"

बबनराव उठले. त्यांचाही आवाज चढला. "खेळला तर चैताच्या यात्रंत मी माईक धरनार न्हाई."

हे ऐकून मीसुद्धा चहाचा कप खाली ठेवला. वर्षभर लग्नं न् दशक्रिया हा त्यांचा धंदा होता, पण चैत्रातल्या यात्रेचा घाट हा त्यांचा श्वास होता. एक पैसा न घेता दिवसभर उन्हात उभे राहायचे. प्रत्येक बैलाचं नाव, त्याच्या आईचं नाव, मालकाच्या आजोबाचं नाव तोंडपाठ. पोरं म्हणायची, बबनरावांनी पुकारल्याशिवाय बैलाला आपण जिंकलो हे कळत नाही.

गेनू म्हणाला, "न्हाई खेळला तर तुमचं भोंग्याचं सामान वर्षभर माझ्या जीपनं फुकट."

मी दलाल माणूस. दोघांचे हात धरून एकमेकांवर ठेवले आणि वर माझा ठेवला. आमच्या बाजारात एकदा अशी टाळी पडली की देव आला तरी सौदा फिरत नाही. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. बबनराव हरले तर माझा पुढचा खोंड तरी निवांत विकला जाणार होता.

मॅचच्या दिवशी दोन जीपा भरून निघालो. एक गेनूची, एक त्याच्या मित्राची. टपावर हलगी, पिशवीत भंडारा. गेनूच्या जीपमध्ये मधल्या सीटवर एक बाई बसली होती. नवं लुगडं, मांडीवर डबा, दोन्ही हातांनी समोरची दांडी घट्ट धरलेली.

"ही आक्का," गेनू म्हणाला. "सोमाची आई. मंचरच्या म्होरं पयल्यांदाच निघालीय."

हौसाबाई हसली. "पोरगं खेळतंय म्हंत्यात, पर मी कदी बघितलंच न्हाई भाऊ. बारकं व्हतं तवा गेलं साळंत. म्हनलं, येक डाव डोळ्यानं बघावं."

बबनराव मला बाजूला घेऊन गेले. "हिला कशाला आनलं?"

"का? आईनं बघू नये?"

"काय बघनार शेठ? बाकावर बसलेलं पोरगं?"

वाटेत जीपमध्ये पुन्हा अकरांचा वाद पेटला, धुरा, जुकाट, कप्तान, पण बबनराव बाहेर बघत राहिले. मला वाटलं, हरायची धास्ती घेतली.

मैदानाच्या फाटकावर शिपायानं पिशवी उघडली. "हे काय?"

"भंडारा. आमच्यात उधळत्यात."

"इथं नाही उधळायचा. ठेवा इथं. आणि ही हलगी हळू वाजवायची."

"सायेब," हलगीवाला कळवळून म्हणाला, "हळू हलगी कशी वाजवत्यात, ती तुमीच दाखवा."

आत प्रेक्षक फारसे नव्हते. आम्ही पायऱ्यांवर अगदी खाली, मैदानाच्या तारेच्या जाळीला लागून बसलो. निळ्या कपड्यांतली आपली पोरं आली, ओळीत उभी राहिली, राष्ट्रगीत झालं. हौसाबाई डोळ्यांवर हात धरून एकेक चेहरा बघत होती. ओळ संपली, तिनं परत पहिल्यापासून बघायला सुरुवात केली.

"सोमा कंचा रं गेनू?"

सोमा ओळीत नव्हता. पलीकडं छपराखाली बाकावर बसला होता, अंगात नारंगी बंडी.

पहिला डाव तसाच गेला. गेनू मान खाली घालून दाढी खाजवत होता. हलगीवाल्यानं हलगी मांडीवर पालथी घातली होती. कुणीतरी म्हणालं, "बबनरावांचं खरं झालं." मी बबनरावांकडं बघितलं. जिंकलेला माणूस असा दिसत नाही. त्यांचं लक्ष हौसाबाईच्या हातांकडं होतं. तिनं डब्याच्या झाकणावरून पदर फिरवायला सुरुवात केली होती. पुसायचं काही नव्हतं, तरी पुसत होती.

दुसरा डाव सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि नारंगी बंडीवाली तीन-चार पोरं बाकावरून उठली. अंग मोकळं करायला रेषेच्या कडेनं पळू लागली. बबनरावांनी हे मला शंभरदा सांगितलंय. राखीव गडी असे पळतात, बोलावणं आलं तर तयार असावं म्हणून. बहुतेकदा बोलावणं येत नाही. त्यांत सोमा होता, आणि पळत पळत तो थेट आमच्या समोर आला.

"निघाला!" गेनू ओरडला. "आपला निघाला! वाजव रं!"

हलगी कडाडली. आमची सगळी माणसं उठली. सोमा डावीकडून उजवीकडं गेला, फिरला, परत आला. काय पळत होतं पोरगं! बाकीचे राखीव दमादमानं पळत कधीच मागं पडले होते. हा वाऱ्यासारखा.

एका जीपवाल्याला शंका आली. "पर आतले समदे निळे अन् ह्यो नारंगी कसा? अन् रेषंच्या भाईरनं का पळतोय?"

"आरं, घोडी कुठनं पळती?" गेनू म्हणाला. "घोडी गाड्याला जुंपलेली आसती का? तिच्या पळन्यावर तर सगळा खेळ आसतो!"

हे सगळ्यांना एकदम पटलं. मलाही क्षणभर पटलं. हौसाबाई उभी राहिली होती. डबा खाली राहिला होता. मग गेनूला पैज आठवली. तो कमरेवर हात ठेवून बबनरावांपुढं उभा राहिला.

"आता बोला बबनराव! खेळतोय का न्हाई?"

सगळे वळले. हौसाबाईसुद्धा वळली. या माणसाला सगळं कळतं, हे तिला दिवसभर लोकांच्या बोलण्यावरून समजलं होतं. हा हो म्हणाला तर हो.

बबनरावांनी तोंड उघडलं. आता काय येणार ते मला ठाऊक होतं. त्याच आवाजानं माझा सौदा मोडला होता, लग्न मोडता मोडता राहिलं होतं, एसटीची गाडी खोटी पडली होती. मी डोळे मिटले.

"हरलो मी, गेनूभाऊ," बबनराव म्हणाले.

मी डोळे उघडले. ते पायरीवर चढून उभे राहिले होते. दोन्ही हातांचा भोंगा तोंडाशी केला आणि घाटावर लावतात तो आवाज लावला. "लक्ष द्या मंडळी, लक्ष द्या! डिंभ्याच्या हौसाबाईंचा सोमा! डाव्या अंगानं सुटलाय! बघा, पळ बघा! हाय का कुनी जोडीला? न्हाई! मागं वळून बघतोय, कुनी न्हाई!"

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पळत होता, सोमाच होता, जोडीला कुणी नव्हतं.

पोरानं वर बघितलं. आपल्या घाटाचा आवाज पुण्यात कसा आला, त्याला कळेना. मग त्याला आई दिसली. त्यानंतर ते जे पळालं, ते बघून झेंडेवाल्या पंचानं आपला झेंडा दोनदा भलतीकडं दाखवला. भारतानं एक गोल केला म्हणतात. आमच्यातल्या कुणी तो बघितला नाही, कारण तेव्हा सोमा बुटाची नाडी बांधत होता आणि हलगी त्यावर वाजत होती.

शिट्टी झाली. पोरगं जाळीपाशी आलं, घामानं निथळत. हौसाबाईनं जाळीतून पदराचं टोक आत घालून जमेल तेवढं त्याचं तोंड पुसलं.

"दमलास का रं?"

"आये, मी काय..." सोमानं सुरुवात केली.

"दमनारच!" बबनराव मधेच मोठ्यानं म्हणाले. "एवढं कुनी पळलं का आज मैदानात? तूच सांग सोमा. पळलं का कुनी?"

पोरानं त्यांच्याकडं बघितलं. मग आईकडं बघितलं. "न्हाई," म्हणालं.

परतीच्या वाटेवर मी आणि बबनराव दुसऱ्या जीपमध्ये, ड्रायव्हरशेजारी. मागं पोरं हलगीवर गात होती. मी त्यांच्या कानाशी लागलो. "बबनराव, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"पोरगं खेळलं नाही. एक बाहेर आल्याशिवाय दुसरा आत जात नाही."

"तुमाला कुनी सांगितलं?"

"तुम्हीच! शंभर वेळा!"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मंग चुकीचं सांगितलं आसंल," म्हणाले, आणि झोपल्यासारखं केलं.

चैत्रात यात्रा आली. बबनरावांनी आपले चारही भोंगे नेऊन घाटावर स्वतः बांधले, तारा जोडल्या, माईक तपासला आणि तो कमिटीनं बाहेरून आणलेल्या दुसऱ्याच माणसाच्या हातात दिला. गेनू स्वतः आला. त्याच्या मनाला लागलं होतं. "बबनराव, जाऊ द्या ती पैज. गंमत व्हती. तुमी धरा माईक."

"टाळी म्हंजे टाळी. शेठनं हात ठेवलाय वर."

गेनू माझ्याकडं बघायला लागला. एक वाक्य बोललो असतो तर सगळं सुटलं असतं. जीभ नुसती शिवशिवत होती. बबनरावांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी गेनूवर खेकसलो, "पैज लावताना कळत नव्हतं का?"

मग आम्ही दोघं बांधावर जाऊन बसलो.

नवा माईकवाला टीव्हीवरचं हिंदी झोडत होता. "तो भाइयो और बहनो!" पहिल्याच बारीला त्यानं पांढऱ्या बैलाला काळा म्हटलं. बबनराव अर्धे उठले आणि बसले. मग त्यानं एका गाड्याचं बक्षीस दुसऱ्याच मालकाच्या नावावर पुकारलं. बबनरावांनी दोन्ही हातांनी गवत उपटलं. माझा एक मध्यम बैल पळाला, त्याला त्यानं चक्क वाघ म्हटलं. गिऱ्हाईक धावत आलं आणि बोलल्या भावाला बैल गेला. एवढा सोपा सौदा मी जन्मात केला नव्हता. केला, आणि मला त्या माईकवाल्याचा असा संताप आला की विचारू नका.

ऊन चढलं तेव्हा गर्दीतून हौसाबाई आली. डिंभ्याची दोन-तीन माणसं तिच्यासोबत होती. बबनरावांना बघून ती तिथंच टेकली.

"का ओ भाऊ, आज तुमी न्हाई बोलत? मला ही मानसं म्हनली, घाटावर तुमचा आवाज ऐकन्यासारखा आसतो. पुन्यात ऐकला तसा."

पैजेत माईक गेला होता, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"घसा बसलाय," बबनराव बारीक आवाजात म्हणाले. मी मान वळवून दुसरीकडं बघितलं.

"आगं बाई!" तिनं पदराची गाठ सोडली. आत हिरडे होते, डोंगरातले, वाळवलेले. त्यांतला एक निवडून तिनं त्यांच्या हातावर ठेवला. "ह्यो चघळा. थुकायचा न्हाई. तुरट लागंल, पर घसा मोकळा व्हतो."

धडधाकट गळ्याच्या माणसानं तो हिरडा तोंडात टाकला. हिरडा म्हणजे काय चीज आहे हे ज्यानं चघळलाय त्यालाच कळेल. गाल आत ओढले गेले, डोळ्यांत पाणी आलं. तिकडं भोंग्यातून माईकवाल्यानं पुकारलं, "और ये देखिए डावी बाजू का बैल!" तो उजव्या अंगाचा होता.

हौसाबाई त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"बरं वाटतंय का, भाऊ?"

बबनरावांनी चघळत चघळत मान हलवली.